यंत्र वाचवायचं की त्यातलं काम?

‘लॅपटॉप सुरू होत नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय बंद पडलंय हे आपल्यालाच ठाऊक नसतं. चार्जर गेला असेल, पडदा गेला असेल, मदरबोर्ड गेला असेल, विंडोजची एखादी फाइल बिघडली असेल किंवा हार्ड डिस्कच शेवटच्या घटका मोजत असेल. पहिल्या चार बिघाडांत आपल्या फायलींना बहुधा धक्काही लागलेला नसतो. पाचव्यात मात्र यंत्र चालू ठेवलेल्या प्रत्येक मिनिटाची किंमत मोजावी लागते. समोर बसलेल्या माणसाला पाचही बिघाड जवळपास सारखेच दिसतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

आमच्या नियतकालिकाची पानं वर्षानुवर्षं लावणारे एक काका पुण्यात आहेत. डीटीपी हा शब्द नवा होता तेव्हापासून ते या धंद्यात आहेत. त्यांची पुतणी बंद पडलेल्या डिस्कवरून माहिती परत काढण्याचं काम करते. काकांचा जुना लॅपटॉप विंडोजचं चिन्ह दाखवून पुन्हा पुन्हा बंद व्हायला लागला आणि या दोघांचं पटेना. काका म्हणत होते, यंत्र दुरुस्त करू. पुतणी म्हणत होती, यंत्राचं नंतर पाहू, आधी डिस्क बाहेर काढू. त्या डिस्कवर आमच्या जुन्या दिवाळी अंकांची पानं होती, त्यामुळे मी काही तटस्थ साक्षीदार नव्हतो. दोघांचं बोलणं इथे देतो आहे आणि जिथे मला काही म्हणायचं आहे तिथे मध्ये बोलणार आहे.

काका : कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला म्हणाला, संध्याकाळपर्यंत विंडोज टाकून देतो. टाकू दे की. मशीन चालू झालं की सगळं जागच्या जागी मिळेल.

पुतणी : विंडोज टाकून देतो म्हणजे तो सी ड्राइव्ह फॉर्मॅट मारणार, काका.

काका : मारू दे. माझी सगळी कामं डी ड्राइव्हवर आहेत. आम्ही पहिल्यापासून तसंच शिकलोय. सी विंडोजचा, डी आपला.

पुतणी : आणि डेस्कटॉपवर काय आहे?

काका : चालू कामं. ती समोर असलेली बरी.

पुतणी : डेस्कटॉप सी वरच असतो. माय डॉक्युमेंट्स पण. डाउनलोड पण. तुम्ही पडद्यावर जे समोर ठेवता ते विंडोजच्या लेखी सी ड्राइव्हवरच्या यूझर्स नावाच्या फोल्डरात असतं. फॉर्मॅट मारला की सगळ्यात आधी तुमची चालू कामं जाणार. आणि सी आणि डी या काही दोन डिस्क नाहीत. एकाच डिस्कवर आखलेले दोन भाग आहेत. डिस्क गेली तर दोन्ही जातात.

काका : पण त्या पोराचं काय चुकलं? गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, मशीन चालू करून द्या. तो चालू करून देतो.

पुतणी : त्याचं काही चुकत नाही. आपण त्याला चुकीचं काम सांगतो. दुकानात गेल्यावर पहिलं वाक्य असं हवं, की मशीन सुरू नाही झालं तरी चालेल, मला फायली हव्यात, आणि मला विचारल्याशिवाय फॉर्मॅट करायचं नाही. पावतीवर तसं लिहून घ्यायचं. तोंडी सांगितलेलं काउंटरवरून आतल्या टेबलापर्यंत पोचेलच असं नाही.

पुतणीचं हे म्हणणं मला शंभर टक्के पटलं. दुरुस्ती करणारा आणि मालक यांचं हित एकच आहे असं आपण धरून चालतो. दुरुस्ती करणाऱ्याला यंत्र उभं करायचं असतं. मालकाला मुलीच्या बारशाचे फोटो, आयकराची कागदपत्रं, अर्धवट प्रबंध हवा असतो. यंत्रातली दुरुस्तीची साधनंही पहिल्याच हेतूने बनवलेली असतात, हे पुढच्या बोलण्यात आलं.

काका : परवा तो निळा-काळा पडदा आला होता. चेकिंग फाइल सिस्टिम ऑन सी, असं काहीतरी. म्हटलं, स्वतःच दुरुस्त करतंय, करू दे.

पुतणी : किती वेळ चाललं?

काका : रात्रभर. सकाळी तसंच अडकलेलं होतं, मग बटण दाबून बंद केलं.

पुतणी : ते चेकडिस्क. त्याचं काम फायलींच्या नोंदींचा मेळ बसवणं. मेळ बसत नसेल तर तो नोंद कापतो, तुकडे फाउंड डॉट शून्य-शून्य-शून्य अशा नावाच्या फोल्डरात टाकतो आणि हिशेब जुळवतो. निरोगी डिस्कवर ते ठीक आहे. डिस्कच मरत असेल तर तिच्यावर रात्रभर लिहा-वाचायचं ओझं टाकणं बरोबर नाही. आता मला सांगा, आवाज येतो का? कट्, कट्, कट्, असा ठरावीक अंतराने?

काका : कट् नाही. घुर्र करून थांबल्यासारखा येतो.

पुतणी : मग अजून वेळ आहे. पण पुन्हा चालू करायचं नाही. या डिस्कच्या आत तबकड्या मिनिटाला ५४०० वेळा फिरतात आणि वाचणारं डोकं त्यांच्यावरून काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जातं. केसाच्या जाडीशी तुलना केली तर ते अंतर हजारो पटींनी कमी. ते डोकं एकदा तबकडीला टेकलं की प्रत्येक फेरीत थर खरवडला जातो. ज्या थरावर अक्षरं आहेत तोच. ‘अजून एकदा चालू करून बघू’ या वाक्याने जितक्या डिस्क मेल्या असतील तितक्या पडून मेल्या नसतील.

काका : म्हणजे हातच लावायचा नाही? थोडी अक्कल आम्हालाही आहे. चार्जर काढून, बॅटरी काढून, बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. बाहेरचा मॉनिटर लावून पाहिला. रॅम काढून परत बसवली.

पुतणी : हे सगळं बरोबर केलंत. यातल्या एकाही गोष्टीत डिस्कवर काही लिहिलं जात नाही. पडदा काळा आणि पंखा चालू असेल तर बाहेरचा मॉनिटर लावण्याइतकं सोपं निदान दुसरं नाही. कित्येकदा फक्त पडदा गेलेला असतो आणि माणूस फायलींसाठी रडत असतो.

काका : मग यंत्र दुरुस्त करण्यालाही अर्थ आहे, एवढं तरी मान्य कर. तो २०२४ च्या जुलैतला गोंधळ आठव. विमानं जमिनीवर, इस्पितळांतली कामं अडकलेली, जगभर निळे पडदे. तेव्हा कोणी डिस्क काढत बसलं नव्हतं.

काका क्राउडस्ट्राइकच्या प्रकरणाबद्दल बोलत होते. १९ जुलै २०२४ ला या कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रामच्या एका सदोष अद्ययावत फाइलीमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं सुरू होईनाशी झाली. त्यांच्या डिस्क धडधाकट होत्या, फायली जागेवर होत्या. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढून टाकली की यंत्र उठत होतं. काकांच्या बाजूने याहून चांगला दाखला मिळणं कठीण.

पुतणी : मान्य. तिथे यंत्र दुरुस्त करणं हाच शहाणपणा होता. पण तिथेही काय झालं ते बघा. कित्येक यंत्रांवर बिटलॉकर होतं, म्हणजे सगळी डिस्क कुलूपबंद. सेफ मोडमध्ये शिरायला ४८ अंकी किल्ली लागत होती, आणि ती एकेका यंत्राची वेगळी. ज्यांनी किल्ल्या नीट जपल्या होत्या ते लवकर सुटले. आणि मुख्य म्हणजे, तिथे बिघाड काय आहे हे आधी कळलं होतं. आपल्याला अजून ते माहीत नाही. माहीत नसेल तोवर डिस्कवर काहीही लिहायचं नाही, एवढंच माझं म्हणणं.

काका : न लिहिता बघणार कसं? विंडोज उठल्याशिवाय डिस्क दिसत नाही.

पुतणी : दिसते. दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम पेन ड्राइव्हवरून चालवायची. उबुंटू घ्या. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते पेन ड्राइव्हवर चढवायचं, या लॅपटॉपला लावायचं, सुरू करताना एफ १२ किंवा एफ ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जे असेल ते बटण दाबून पेन ड्राइव्ह निवडायचा. ‘इन्स्टॉल’ दाबायचं नाही, ‘ट्राय’ दाबायचं. सगळी सिस्टिम रॅममध्ये चालते. तुमची डिस्क तिला नुसती बाजूला जोडलेली वस्तू म्हणून दिसते. हे काही आजचं नाही. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी सीडीवरून चालणारं नॉपिक्स २००० साली काढलं, तेव्हापासून माणसं असंच करतायत.

काका : यात पैसे किती?

पुतणी : पेन ड्राइव्हचे. बाकी फुकट. विंडोज ८ पासून पुढच्या यंत्रांवर एक अडचण येते. फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग उबुंटू ती डिस्क फक्त वाचायला देतं, लिहायला देत नाही. लोक त्यावर चिडतात. मला तर ते वरदान वाटतं. आपल्याला वाचायचंच तर आहे.

काका : आणि मदरबोर्डच गेला असेल तर?

पुतणी : तर खालचे स्क्रू काढून डिस्क बाहेर. तुमची अडीच इंची साटा डिस्क आहे. साटा ते यूएसबीची एक वायर मिळते, काही शे रुपयांत. इथे तापकीर गल्लीत विचारा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. ती वायर लावली की तुमची डिस्क दुसऱ्याच्या लॅपटॉपला पेन ड्राइव्हसारखी जोडता येते. नव्या लॅपटॉपमध्ये च्युइंग गमच्या कांडीसारखी पट्टी असते, एम डॉट टू. त्यात दोन जाती आहेत, साटा आणि एनव्हीएमई, आणि ती यूएसबीला जोडायची डबी त्या जातीचीच लागते. न बघता आणली तर डिस्क दिसत नाही आणि माणूस समजतो डिस्क मेली.

काका : मागे एकाची डिस्क अशी जोडली होती. विंडोजने विचारलं, ही डिस्क वापरण्याआधी फॉर्मॅट करायची आहे. त्याने हो म्हटलं.

पुतणी : तो प्रश्न म्हणजे सापळा आहे. विंडोजला त्या डिस्कच्या नोंदी वाचता येत नाहीयेत, एवढाच त्याचा अर्थ. आतलं सगळं तसंच असू शकतं. तिथे फक्त कॅन्सल.

इथपर्यंत पुतणीची बाजू वरचढ होती. मग काकांनी जो मुद्दा काढला, तो मला या सगळ्या वादातला सगळ्यात मोलाचा वाटतो. फायली वाचवण्याबद्दल इंग्रजीत हजारो सूचना मिळतात, पण मराठीत काम करणाऱ्या माणसाचं यात निराळं काय जातं, ते मी तरी कुठे वाचलेलं नाही.

काका : समज, तू मला सगळ्या फायली काढून दिल्यास. एकही हरवली नाही. मी त्या नव्या लॅपटॉपवर उघडतो. काय दिसेल?

पुतणी : तुमची पानं.

काका : नाही. पहिली गोष्ट, त्या उघडणारच नाहीत. पेजमेकर ७ आहे ते, २००१ चं. त्यानंतर अडोबीने पेजमेकर पुढे वाढवलंच नाही. आजच्या इनडिझाइनला पेजमेकरची फाइल उघडता येत नाही. बरं, कुठूनतरी पेजमेकर आणून उघडली. तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर. मराठी एक अक्षर नाही.

पुतणी : फॉन्ट नाही म्हणून.

काका : फॉन्ट नाही म्हणून. आणि नुसता फॉन्ट नाही ग. आमच्या वेळी मराठी अशी वेगळी नव्हतीच कॉम्प्युटरला. इंग्रजी अक्षराच्या जागेवर क चा चित्राकार बसवायचा, दुसऱ्या जागेवर काना, तिसऱ्यावर रफार. मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीची मांडणी एक, सी-डॅकच्या आयएसएमची दुसरी, आकृतीची तिसरी. फाइलीत साठवलेलं असतं ते इंग्रजी अक्षरच. मराठी असते ती फॉन्टमध्ये. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती म्हणतात, पण पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत कळलं नाही, आणि इनडिझाइनमध्ये आपली जोडाक्षरं धड बसायला २०१२ उजाडलं. तोवर महाराष्ट्रात जे छापलं गेलं, त्यातलं बहुतेक असंच साठवलेलं आहे.

पुतणी : मग फॉन्टही उचलू. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातून.

काका : कीबोर्डचा प्रोग्राम? तो इन्स्टॉल करावा लागतो, नुसता उचलून चालत नाही. त्याचं लॉक? यूएसबीला लावायचं ते, त्याशिवाय श्री-लिपी चालत नाही. त्या लॉकचा ड्रायव्हर विंडोज ७ वर चालतो, पुढच्यावर चालेल की नाही देव जाणे. आणि २०२३ पासून अडोबीने जुन्या टाइप वन फॉन्टांना आपल्या प्रोग्राममधून रजा दिली. म्हणून म्हणतो, मला फायली नकोत. मला ते यंत्र हवंय. त्या पानांचं वाचणं त्या यंत्राला येतं, तुझ्या यंत्राला येत नाही.

पुतणीने लगेच उत्तर दिलं नाही. मीही नाही. संपादक म्हणून माझ्याकडे छापील अंक आहेत, काही वर्षांच्या पीडीएफ आहेत. त्याआधीच्या वर्षांत काका लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग काढून देत आणि प्रेसमध्ये त्यावरून प्लेट होई. त्या वर्षांचं संगणकीय रूप म्हणजे फक्त या पेजमेकरच्या फायली. काकांचं म्हणणं खरं असेल, तर त्या फायली दुसरीकडे नेऊन ठेवणं म्हणजे त्या वाचवणं नव्हे. मला वाटतं, काका इथे पूर्ण बरोबर होते. फाइल हे एकटं उभं राहणारं काही नसतं. तिच्यामागे प्रोग्राम असतो, फॉन्ट असतो, लॉक असतं आणि ते कसं वापरायचं हे माहीत असलेला माणूस असतो.

पुतणी : ठीक आहे. मग फायली उचलायच्याच नाहीत. डिस्क उचलायची.

काका : म्हणजे?

पुतणी : अख्ख्या डिस्कची प्रतिमा. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत, जसंच्या तसं, एका मोठ्या फाइलीत. विंडोज, पेजमेकर, श्री-लिपी, फॉन्ट, डेस्कटॉप, सगळं. मग ती प्रतिमा माझ्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून बघू. म्हणजे खिडकीतलं यंत्र, आत तुमचं विंडोज ७. खात्री देत नाही. हार्डवेअर बदललेलं बघून विंडोज अडून बसतं, परवाना पुन्हा मागतं. पण तुमचं लॉक यूएसबीचं आहे, ते आत पोचवता येतं. जुनं प्रिंटर पोर्टचं असतं तर अवघड होतं.

काका : आणि मरणारी डिस्क एवढी सगळी वाचेपर्यंत टिकेल?

पुतणी : म्हणून साधी कॉपी करायची नाही. विंडोजमध्ये फोल्डर ओढलं आणि मध्ये एक खराब सेक्टर लागला, की ते तिथेच डोकं आपटत बसतं. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम आहे, फुकट, अंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेला. तो आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतो. अडलं की तिथून पुढे उडी मारतो. सोपं सगळं हाती लागल्यावर मग अवघड जागांकडे परत येतो. काय वाचलं, काय राहिलं, याची नोंद वेगळ्या फाइलीत ठेवतो, त्यामुळे मध्ये थांबवलं, डिस्क गार होऊ दिली, तरी पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. एवढं सांभाळायचं, की प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवायची आणि ती या डिस्कहून मोठी हवी. आणि एकदा प्रतिमा हातात आली की जे काही प्रयोग करायचे ते तिच्या प्रतीवर. चेकडिस्क चालवा, टेस्टडिस्क चालवा, काहीही. मूळ डिस्क कपाटात.

काका : एवढं होतं तर मघापासून फायली फायली काय करत होतीस?

पुतणी : कारण बहुतेकांना फायलीच हव्या असतात, काका. फोटो, पीडीएफ, वर्डच्या फायली कुठेही उघडतात. तुमच्यासारखं काम फार थोड्यांचं.

हे ‘फार थोड्यांचं’ मला मान्य नाही. गावोगावच्या डीटीपीवाल्यांकडे, साप्ताहिकांच्या कचेऱ्यांत, शाळांच्या स्मरणिकांमध्ये, देवस्थानांच्या अहवालांत अशा फायली पडून आहेत. त्या ज्या यंत्रांवर आहेत ती यंत्रं आता वयाने थकली आहेत. त्यांतलं एकेक सुरू होईनासं होतं आणि कोणीतरी त्यात नवं विंडोज टाकून नातवाला ऑनलाइन क्लाससाठी देतो.

काकांच्या घरात दुसराही एक लॅपटॉप आहे, नातीचा, नवा. बोलणं तिकडे वळलं आणि दोघांच्या भूमिका नेमक्या उलट झाल्या.

काका : तिचा बंद पडला तर तुझी ही वायर चालेल ना?

पुतणी : डिस्क बाहेर येईल, पण वाचता येईलच असं नाही. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या कित्येक यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. आपण मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत गेलो की किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. ती ४८ अंकी किल्ली मिळाली तर फायली मिळतात, नाही तर मी पण काही करू शकत नाही आणि प्रयोगशाळाही नाही. मॅकबुकचं तर त्याहून पुढचं. २०१८ च्या सुमारास टी टू चिप आली, २०२० पासून अ‍ॅपलची स्वतःची चिप. साठवणीच्या चिपा त्या एका चिपेशीच बांधलेल्या. लॅपटॉपमधून काढून दुसरीकडे लावायचा प्रश्नच नाही. तिथे बोर्ड दुरुस्त करणं हाच फायलींकडे जायचा रस्ता.

काका : म्हणजे तिथे माझं बरोबर. यंत्रच दुरुस्त करायचं.

पुतणी : तिथे तुमचं बरोबर.

काका : पण हे मला मुळातच पटत नाही. मालकाला न विचारता मालकाच्याच वस्तूला कुलूप घालायचं?

पुतणी : लॅपटॉप लोकलमध्ये राहिला, एसटीत चोरीला गेला, तर? आत आधार आहे, पॅन आहे, बँकेची कागदपत्रं, फोटो. कुलूप नसेल तर मी आत्ता सांगितलेली सगळी युक्ती चोरालाही येते. पेन ड्राइव्ह लावला की पासवर्ड न विचारता सगळं उघडं. आणि चोर कशाला, दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपमध्ये कोण काय बघतं याचा पत्ता आपल्याला नसतो.

काका : चोर एखाद्या वेळी येतो. विसरणारा मालक घरोघरी आहे. तू किल्ली म्हणतेस, ती आपल्याकडे आहे हेच शंभरातल्या किती जणांना ठाऊक असेल? ज्या खात्यात ती ठेवलीय त्याचा पासवर्ड बंद पडलेल्या लॅपटॉपमध्येच असतो.

पुतणी : म्हणून ती आजच छापून घ्यायची. कागदावर. शिधापत्रिकेबरोबर ठेवायची.

यावर त्यांचं एकमत झालं नाही आणि मला वाटतं ते होण्यासारखंही नाही. मुलीचा लॅपटॉप हरवलेल्या बापाला पुतणीचं पटेल. वडील गेल्यावर त्यांच्या लॅपटॉपसमोर बसलेल्या मुलाला काकांचं पटेल.

काका : समज, माझ्या डिस्कने तुझ्या डीडीरेस्क्यूलाही दाद दिली नाही. मग?

पुतणी : मग प्रयोगशाळा. धूळविरहित कक्षात डिस्क उघडतात, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं डोकं बसवतात, वाचतात. खर्च हजारांत जातो. आधी तपासणी, मग मिळू शकणाऱ्या फायलींची यादी, यादी बघून पैसे, असं बोलणं करून घ्यायचं. आणि घरी डिस्क उघडायची नाही. फ्रीजरमध्ये ठेवायची नाही.

काका : फ्रीजरचं मी ऐकलंय. चालतं म्हणतात.

पुतणी : बाहेर काढल्यावर आत दव धरतं. तबकडीवर पाण्याचा थेंब आणि त्यावरून नॅनोमीटरवरून जाणारं डोकं. पुढे जे प्रयोगशाळेला जमलं असतं तेही जातं.

काका : कोलंबिया यानातली डिस्क वाचली होती ना? आकाशातून पडलेली?

पुतणी : वाचली. २००३ च्या फेब्रुवारीत यान कोसळलं, सातही अंतराळवीर गेले. अवशेषांत ४०० एमबीची सीगेटची डिस्क सापडली. झेनॉन वायूच्या दाटपणावरच्या प्रयोगाची मोजणी तिच्यावर होती. बाहेरचं जळालेलं, आत धूळ, पण तबकड्या वाकल्या नव्हत्या. क्रोल ऑनट्रॅकच्या लोकांनी तबकड्या साफ करून दुसऱ्या डिस्कमध्ये बसवल्या आणि जवळपास ९९ टक्के माहिती काढली. प्रयोगाचा निबंध २००८ मध्ये छापून आला. पण ती फिरणारी डिस्क होती, आणि मुख्य म्हणजे पडल्यानंतर ती कोणी दहा वेळा चालू करून पाहिली नव्हती. आजच्या एसएसडीचं असं नाही. तिच्यावरची फाइल पुसली किंवा फॉर्मॅट मारला, की ट्रिमच्या आज्ञेने ती चिप थोड्या वेळात ती जागा खरोखर मोकळी करते. मग काढण्यासारखं काही राहतच नाही. जुन्या डिस्क चुका माफ करायच्या. नव्या वेगवान आहेत, पण माफी नाही.

काकांनी शेवटी डिस्क काढू दिली. प्रतिमेचं काम सुरू झालं आणि बरंच लांबलं. बहुतेक भाग पहिल्याच फेरीत आला. खराब सेक्टरांचा एक पट्टा मात्र काही केल्या वाचेना. नोंदी ताडून पाहिल्यावर कळलं, की त्या पट्ट्यात आमच्या दोन जुन्या अंकांची काही पानं आहेत आणि एका लेखकाने आम्हाला दिलेली बोलीतल्या शब्दांची यादी आहे. ती यादी टाइप झाली होती, पानं लावली होती, पण छापायची राहून गेली. लेखक आता नाहीत.

पुतणी : अंकांच्या पानांसाठी प्रयोगशाळेचा खर्च करू नका. तुमच्याकडे छापील अंक आहेत. स्कॅन करा.

काका : आणि यादी?

पुतणी : यादीचं छापील काही आहे?

काका : प्रुफं होती. कुठे आहेत ते बघावं लागेल.

मी सांगितलं, यादीसाठी डिस्क प्रयोगशाळेत पाठवू, खर्च आम्ही करू. अंकांचं पुन्हा होईल, हिचं होणार नाही. काय पाठवायचं हे ठरवताना जे दुसरीकडे कुठेच नाही ते आधी, असा क्रम मला योग्य वाटला. पुतणीला तो पटला. काकांना मात्र डिस्क घराबाहेर द्यायला अजून जड जात होतं.

काका : आणि यादी मिळालीच, तर तू ती लगेच युनिकोडमध्ये फिरवणार.

पुतणी : फिरवायलाच हवी. नाही तर दहा वर्षांनी पुन्हा हेच.

काका : फिरव. पण तुमचे ते कन्व्हर्टर रफार चुकवतात, अर्धा र खातात, ‘ऱ्य’चा ‘र्य’ करतात. बोलीतले शब्द आहेत ते, चुकलेलं अक्षर कोणाच्या लक्षातही येणार नाही, तोच शब्द खरा समजतील. मूळ फाइल तशीच ठेव, फॉन्ट तसाच ठेव, आणि तुझ्या त्या खिडकीतल्या यंत्रावर मला मूळ पान उघडून दे. मी दोन्ही शेजारी लावून वाचेन.

पुतणी : लॉक घेऊन या येताना.